चमच्याने

फहाहीलला, पाचव्या मजल्यावर
आमची बाल्कनी जेमतेम अडीच पावलांची:
कपड्यांचा स्टँड, एक रिकामं सिलिंडर,
आणि एसीच्या नळीखाली निळी बादली,
टप्, टप्,
रात्रभर आमच्या झोपेचा हिशेब ठेवणारी.

ऑक्टोबरात अबू रजबने, आमच्या हारिसने,
मासळीची थर्माकोलची पेटी वर आणून दिली.
तीन बोटं दाखवून म्हणाला, तळाला भोकं पाड.
त्याच्या गावी नाईलकाठी काळी माती आहे म्हणे.
इथली पोत्यातून येते, दीड दिनारला,
पोत्यावर गाजराचं चित्र.

मी मिसळणाच्या डब्यातले धणे काढले.
"मसाला पेरायचा?" अद्वय हसला.
आधी रगड म्हटलं, चपलेखाली,
पण पाय हलका ठेव.
फट्.
एकाचे दोन झाले.
तो उकिडवा बसला, बसूनच राहिला,
ज्याच्या डायरीत दर गुरुवारी
मिस शर्लीची लाल ओळ असते,
लक्ष नाही, लक्ष नाही,
तोच हा मुलगा.
छत्तीस अर्धुकं मोजली त्याने.
एकोणतिसाला अडखळला
(एकोण आलं की अडखळतोच),
परत एकपासून.
"म्हणजे धणे अठराच होते."
मी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने उकरून पाहिलं.
तिसऱ्या दिवशीही. मग सकाळ-संध्याकाळ,
आधी बोटाने, नंतर चहाच्या चमच्याने,
एकेक वर काढायचा, दिव्याखाली धरायचा,
पुन्हा आत.
आला का? आला का?
आठव्या दिवशी एकाला आला
पांढरा, दोऱ्याएवढा कोंब,
आणि नखाखाली तुटला.

रडला नाही.
तो तळहातावर घेऊन ओट्याशी उभा राहिला बराच वेळ.
"मी सारखं विचारत होतो ना,
त्याला वेळच नाही मिळाला."

मी पोळी लाटत होते.
तव्यावरची करपली.
रोज बसमधून तो उतरतो,
दप्तर खांद्यावरून निघायच्या आत
मी काय करते?
आज काय शिकवलं, किती मिळाले, पहिलं कोण,
चमच्याने.

त्या दिवसापासून मी विचारणं सोडलं.
खरं सांगायचं तर दोनच दिवस.
तिसऱ्या दिवशी विचारलंच.
त्याने ओठांवर बोट ठेवलं
आणि पेटीकडे मान केली.

बादलीतलं पाणी कुठलं, हे मात्र त्याने बाबाला विचारलं.
खोलीतल्या हवेतलं.
"आपल्या श्वासातलं पण?"
असेल थोडं.
मग दिवा मालवल्यावर
अंधारात मोठमोठे श्वास ऐकू यायला लागले,
मुद्दाम सोडलेले,
झाडांसाठी.

उरलेले उगवले. सगळे नाही.
आणि नेमकी तेव्हाच धूळ आली,
इथे तिला तोझ म्हणतात,
दुपारी चारला रस्त्यावरचे दिवे लागले,
शाळेला सुट्टी, तोंडात खरखर.
दुसऱ्या दिवशी जुना टूथब्रश ओला करून
तो एकेक पान पुसत बसला.
त्यातूनच त्याला कळलं,
पहिली दोन पानं लांबट, साधी,
कातरलेली येतात ती नंतर.
"आधी गवतच वाटतं," तो म्हणाला,
"कोथिंबीर आहे हे नंतर कळतं."
मी मिस शर्लीला हे लिहून पाठवणार होते.
राहून गेलं.

अबू रजबला सात काड्या दिल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून.
त्याने डोळे मिटून वास घेतला, म्हणाला, कुज़बरा.
अद्वयने आइस्क्रीमच्या काडीवर दोन्ही नावं लिहिली,
कोथिंबिरीचा थ उलटा.
बाकीची त्याने आमटीसाठी खुडू दिली नाही.
उंच झाली, पांढरी फुलं आली,
एक माशी कुठूनशी पाच मजले चढून आली.

मार्च संपताना धणे धरले, हिरवे, टणक.
ताटलीत घेऊन तो मोजतोय.
एकोणतीस सुटलं.
एकोणचाळिसाला अडखळलाय.
मी पोळ्या लाटतेय,
सांगत नाही.